जपानच्या ओकिनावा बेटावरचा अमेरिकन मरीन सैनिकांचा फुतेन्मा हवाई तळ जपानला परत करायचं 1996 लाच ठरलं होतं, मग अजून घोडं कुठे अडलंय?

तुमचा प्रश्न असा की मूळ मुद्द्यावर अमेरिका आणि जपान दोघंही राजी, मग बारीकसारीक गोष्टींवरून बोलणी इतकी वर्षं कशी रखडली. माझ्या मते मेख एका अटीत आहे, तळ सोडतो पण बदली जागा ओकिनावातच द्या. 1995 ला तीन अमेरिकन सैनिकांनी 12 वर्षांच्या मुलीवर अत्याचार केला, बेट पेटून उठलं, म्हणून एप्रिल 1996 मधे घाईघाईत जाहीर केलं की 5 ते 7 वर्षांत फुतेन्मा परत, बाकीचं नंतर बघू.

ते बाकीचंच भिजत घोंगडं झालं. ओकिनावाचे गव्हर्नर इनामिने म्हणे नवा तळ फक्त 15 वर्षं वापरा, अमेरिका म्हणे मुदतबिदत चालणार नाही. मग हेनोकोला, म्हणजे ओकिनावातच समुद्रात भराव टाकून नवा तळ बांधायचा त्या जागी, धावपट्टी नेमकी कुठे यावर वर्षं गेली. 2006 ला एकीच्या जागी दोन धावपट्ट्या ठरल्या, व्ही अक्षरासारख्या, का तर चढता-उतरताना विमानं गावांच्या डोक्यावरून जायला नकोत. बरं तेवढ्यावरही भागलं नाही, पुढचे गव्हर्नर नाकाइमा म्हणाले अजून जरा समुद्रात सरकवा, आणि अमेरिका ढिम्म.

त्यात सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पॅकेज. 8000 मरीन ओकिनावातून गुआम या अमेरिकन बेटावर न्यायचे, खर्च 10.27 अब्ज डॉलर, त्यातले 6.09 अब्ज जपानने द्यायचे, आणि हे सगळं हेनोकोला बांधून ठेवलेलं, म्हणजे इथे भराव पडत नाही तोवर तिकडे माणूस हलत नाही. हातोयामा 2009 ला तळ ओकिनावाबाहेर नेतो म्हणून पंतप्रधान झाले आणि जून 2010 ला राजीनामा देऊन मोकळे. गुआम आणि हेनोकोची ती गाठ सुटली थेट 2012 ला, जे मला वाटतं पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आणि खरं सांगू का, धावपट्टीवर भांडणं टोकियो-वॉशिंग्टनला सोयीचंच होतं, कारण ओकिनावाच्या लोकांना तळ हवाय का हा प्रश्न टेबलावर घ्यावाच लागला नाही. 2019 च्या सार्वमतात साधारण 72 टक्के लोकांनी भरावाला नाही म्हटलं, काम थांबलं नाही. उलट समुद्रतळ मऊ निघाल्यावर बदललेल्या आराखड्याला गव्हर्नर तामाकी मंजुरी देईनात, तर 2023 च्या डिसेंबरात केंद्राने त्यांच्या वतीने स्वतःच सही ठोकली. आता 2030 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तरी फुतेन्मा गिनोवान शहराच्या मधोमध आहे तिथेच राहणार.