एपीओई ई४ ची एक प्रत आणि एमआरआयवरचा ‘किंचित आकुंचन’ हा शेरा

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आईला ७८ व्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं. तुम्ही ५४ वर्षांच्या, कामात चोख. लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या घरगुती किटवरून ‘एपीओई ई३/ई४’ (अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेलं जनुक) असा रिपोर्ट आला, म्हणून घाईनं कोल्हापुरातच मेंदूचा एमआरआय काढला, तर त्यावर मेंदूचं ‘वयोमानानुसार किंचित आकुंचन’ असा शेरा. हे दोन कागद एकमेकांना जोडून वाचू नका. सगळा घोळ तिथंच होतो.

आधी जनुक. एपीओई १९ व्या गुणसूत्रावर असतं आणि मेदाची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. त्याचे ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार. आईकडून एक, वडिलांकडून एक. त्यामुळे तुमचा ई४ आईचाच, असं धरून चालू नका. उतारवयातल्या अल्झायमरशी ई४ चा संबंध १९९३ मध्ये पुढे आला. एक प्रत असेल तर धोका साधारण दोन ते चार पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. पटीत सांगितलं की छातीत धस्स होतं, म्हणून दुसऱ्या मापात सांगतो. युरोपातल्या आकडेमोडीत एक ई४ असलेल्यांपैकी ८५ व्या वर्षापर्यंत अल्झायमर होणारे साधारण २० ते ३० टक्के. उरलेल्यांना त्या वयापर्यंत तो होत नाही, आणि एकही ई४ नसलेल्या कितीतरी जणांना होतो. शिवाय हे आकडे आपल्याकडच्या लोकांवरून काढलेले नाहीत. अनेक जनुकांचा मिळून धोक्याचा जो एकच आकडा ‘पॉलिजेनिक स्कोअर’ म्हणून विकतात, त्याचं तर आणखीच अवघड: त्याचा पाया मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा, आपल्याला तो बेतानंच लागू पडतो.

किटचा निकाल पडताळायचा असेल तर कंपनीनं दिलेली कच्च्या माहितीची (रॉ डेटा) फाईल उघडा. त्यात डीएनएमधल्या जागांना क्रमांक असतात: आरएस ४२९३५८ (rs429358) या जागी सीटी (CT) आणि आरएस ७४१२ (rs7412) या जागी सीसी (CC) ही अक्षरं दिसली तर ई३/ई४. यातली पहिली जागा किटवाल्यांच्या तपासणी चिपवर वाचायला कटकटीची, कधी रिकामी येते तर कधी चुकीची. त्यामुळे या निकालावर काही ठरवायचं असेल तर वैद्यकीय प्रयोगशाळेतून पुन्हा तपासून घ्या.

आता एमआरआय. स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग एका बाजूला जेमतेम ३ ते ४ मिली, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढा. निरोगी माणसात पन्नाशीनंतर तो वर्षाला सरासरी साधारण एखाद टक्का घटतो. साडेतीन मिलीचा एक टक्का म्हणजे ०.०३५ मिली, पाण्याचा एक थेंबसुद्धा नाही! मशीन बदललं, १.५ टेस्लाऐवजी ३ टेस्ला (चुंबकाची ताकद) आलं, मापणारं सॉफ्टवेअर बदललं, आत डोकं थोडं हललं, तरी आकड्यात याहून मोठा फरक पडतो. निरोगी ई४ धारकांच्या अभ्यासांतही गटाची सरासरी कधी किंचित कमी निघते, कधी फरकच दिसत नाही; मध्यमवयात तर बहुधा नाहीच. चित्र बघून कुणाकडे ई४ आहे हे रेडिओलॉजिस्टलाही सांगता येत नाही.

तेव्हा ‘किंचित’ या शब्दाशी झुंजण्यापेक्षा रेडिओलॉजिस्टना दोन अंक विचारा. एक, शेल्टन्स एमटीए, म्हणजे हिप्पोकॅम्पसच्या भागातलं आकुंचन किती याचा अंक, ० ते ४: पंच्याहत्तरीच्या आत २ किंवा जास्त असेल तर पुढे बघायचं. दुसरा, फाझेकास, ० ते ३, एमआरआयच्या ‘फ्लेअर’ नावाच्या चित्रांत दिसणाऱ्या पांढऱ्या डागांचा. माझ्या मते तुमच्यासाठी हाच जास्त कामाचा, कारण हे डाग बहुतेक वेळा बारीक रक्तवाहिन्यांचे, आणि रक्तदाब आपल्या हातात असतो. स्प्रिंट माइंड या रक्तदाबावरच्या वैद्यकीय चाचणीत (२०१९) वरचा दाब १२० च्या खाली ठेवलेल्यांत स्मृतीची सौम्य घसरण कमी दिसली. डिमेन्शियात मात्र फरक ठाम सिद्ध झाला नाही.

दाब घरी असा मोजा: सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा, पाच मिनिटं शांत बसून, चहा-तंबाखूच्या आधी. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टर गाठा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणतात. आपल्याकडं खर्डा, लोणचं, पापड आणि वर रस्सा असल्यावर ते कधी ओलांडलं जातं कळतच नाही. ई४ मुळं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढू शकतं, म्हणून लिपिड प्रोफाइल करा, सोबत एचबीएवनसी (साखरेची तपासणी), टीएसएच (थायरॉईडची) आणि बी१२. शाकाहारी असाल तर बी१२ विसरूच नका, त्याच्या कमतरतेतही विसरभोळेपणा येतो. ऐकू कमी येत असेल तर ऑडिओग्राम, म्हणजे कानाची तपासणी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, पण टाळता येण्याजोगे १४ घटक आहेत. श्रवण आणि एलडीएल दोन्ही त्यात आहेत. रंकाळ्याला फेरी मारत असाल तर बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगानं, आठवड्याला १५० मिनिटं.

एमआरआय दर वर्षी काढू नका. पुढे लागलाच तर त्याच केंद्रात, त्याच प्रोटोकॉलनं (मशीनच्या त्याच सेटिंगनं), आणि जुनी सीडी सोबत न्या; नुसत्या फिल्मवरून मापं निघत नाहीत. नाव पटकन न आठवणं चालतं. तोच प्रश्न तासाभरात पुन्हा विचारणं, महाद्वार रोडसारख्या ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, पैशाचे हिशेब चुकायला लागणं, यासाठी न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि चाचणी मराठीतून मागा. घरात पासष्टीच्या आतच दोन पिढ्यांत डिमेन्शिया झाला असेल तर मात्र प्रकरण वेगळं: पीसेन१, पीसेन२, एपीपी ही दुर्मिळ जनुकं बघायला जेनेटिक समुपदेशक हवा. तुमच्या आईचं वय पाहता तो संशय नाही. मुलांची एपीओई तपासणी करू नका. तुमच्याकडून प्रत्येकाला ई४ जायची शक्यता निम्मी आहे, पण आज कळून त्यांच्या औषधपाण्यात काहीच बदलणार नाही.