विश्वामित्रीचा पूर, समुद्रातले प्रवाळ आणि अकरावीचा ग्रुप

बडोद्याच्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"लेक दहावीत आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात कमरेइतकं चढलं होतं. तीन दिवस वरच्या शेजाऱ्यांकडे काढले. तेव्हापासून ही पुराबद्दल मिळेल ते वाचत असते. आता म्हणते, प्रवाळ खडक किनाऱ्यावरचा पूर थोपवतात, मला तेच काम करायचंय. तिच्या बाबांचं म्हणणं, अकरावीला गणिताचा ए ग्रुप घे आणि इंजिनिअर हो. ती म्हणते जीवशास्त्राचा बी ग्रुपच घेणार, कारण प्रवाळ हा प्राणी आहे. आपल्या बडोद्याला ना समुद्र, ना प्रवाळ. पोरीला धड पोहताही येत नाही. हे चार दिवसांचं खूळ समजायचं, की खरंच असं काही काम असतं?"

ताई, असं काम असतं, आणि येत्या काळात ते वाढणार आहे. पूर उतरल्यावर बहुतेक घरांत गाळ उपसून गाद्या वाळत घातल्या जातात आणि विषय तिथेच संपतो. तुमच्या लेकीने तो संपू दिला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. तुमच्या शंकांकडे येते, पण आधी तिच्याशी थोडं बोलू द्या. हे पत्र तिलाही वाचायला द्या.

बाळ, आधी एक गोष्ट स्पष्ट करून घे. तुमच्या घरात आलेलं पाणी प्रवाळांनी अडवलं नसतं. ते नदीच्या वरच्या अंगाने, पावागढकडून, आजव्याच्या तलावाकडून आलं होतं. पाऊस प्रचंड झाला आणि नदीला पसरायला जागा उरली नव्हती. काळ्या घोड्याजवळच्या पुलापाशी धोक्याची पातळी २५ फुटांची आहे, तिथे पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. तो नदीचा पूर होता. प्रवाळ जो अडवतात तो समुद्राचा, लाटांनी किनाऱ्यावर ढकललेल्या पाण्याचा पूर. दोन्हीत घर सारखंच भिजतं, पण उपाय पूर्ण वेगळे. या क्षेत्रात आयुष्यभर पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की पाणी कुठून आलं आणि कुणी ढकललं?

आपल्याला सगळ्यात जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. आपली विश्वामित्रीही ढाढर नदीतून शेवटी तिथेच जाते. तिथलं पाणी तू पाहिलं असशील, चहासारखं गढूळ. बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याने उन्हात बनवलेल्या अन्नावर प्रवाळ जगतात. पाणी एवढं गढूळ असलं की ऊन खाली पोचत नाही आणि अंगावर गाळ बसतो. म्हणून खंभातला प्रवाळ नाहीत, ते आहेत कच्छच्या आखातात, जामनगरच्या बाजूला. म्हणजे आपल्याच राज्यात, एका रात्रीच्या प्रवासावर.

आता खडक लाट कशी अडवतो ते पाहू. लाट खोल समुद्रातून येते तेव्हा तिला काही अडवत नाही. पाणी उथळ झालं की तिचा तळ रेंगाळतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. प्रवाळ खडकाची समुद्राकडची कड म्हणजे किनाऱ्यापासून दूर, पाण्यातच उभा असलेला उंबरठा. लाट तिथे आपटून फुटते, आणि उरलेली लाट मागच्या खडबडीत पठारावरून घासत येते. हिंदी, प्रशांत आणि अटलांटिक महासागरांतली मोजमापं एकत्र करून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की खडक लाटेची सरासरी ९७ टक्के ऊर्जा खाऊन टाकतो, आणि यातला मोठा वाटा, ८६ टक्के, त्या कडेचाच असतो.

वही काढ आणि एक गणित कर. लाटेची ऊर्जा तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ऊर्जा ३ टक्के उरली, तर २ मीटरची लाट किती उंचीची होईल? उत्तर साधारण ३५ सेंटिमीटर येतं, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. हे सोडवताना मजा आली का, ते मला नक्की कळव. त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

कारण तुझं 'प्रवाळ हा प्राणी आहे, म्हणून बी ग्रुप' हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बांधणारा प्राणी आहे, पण बांधलेली वस्तू चुनखडीची भिंत आहे, आणि ती भिंत काय करते ते भौतिकशास्त्र आणि गणितच सांगतं. खडकावर पाणी किती चढलंय, पृष्ठभाग किती खडबडीत आहे, पठार किती रुंद आहे, यावर किनाऱ्याचं नशीब ठरतं. उधाणाच्या भरतीला किंवा वादळात समुद्राची पातळी चढली की खडकावरून लाट पुरती न फुटताच पुढे सरकते. म्हणून 'प्रवाळ आहेत, आता काळजी नाही' असं म्हणून चालत नाही.

तुझ्या बाबांचं 'इंजिनिअर हो' हेही अर्धंच आहे. काँक्रीटचा बंधारा बांधला त्या दिवसापासून झिजत जातो. प्रवाळांची भिंत जिवंत असेपर्यंत स्वतःची डागडुजी करते आणि हळूहळू उंचावतेही. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा समुद्र जेमतेम एक अंशाने जास्त तापला आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ अंगातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. याला ब्लीचिंग म्हणतात. फार काळ तसं राहिलं तर ते मरतात. जगभर पसरलेलं असं चौथं ब्लीचिंग एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. आपल्या लक्षद्वीपलाही त्या वर्षी त्याचा फटका बसला. मेलेला खडक लगेच कोसळत नाही. लाटा, किडे, स्पंज त्याला वर्षानुवर्षं पोखरत राहतात आणि त्याची उंची घटते. २०१८ च्या एका जागतिक अभ्यासात हिशोब मांडला आहे, की खडकांचा वरचा फक्त १ मीटर थर गेला तरी किनाऱ्यावरच्या पुराचं वार्षिक नुकसान दुप्पट होईल. तो एक मीटर टिकवणं म्हणजे तुला करायचं ते काम.

याचं आपल्याच देशातलं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात २१ छोटी बेटं होती. तिथले प्रवाळ अनेक वर्षं चुन्यासाठी आणि बांधकामासाठी खणून काढले गेले. कडा गेल्या, लाटा थेट बेटांवर येऊ लागल्या आणि त्यांतली दोन बेटं पाण्याखाली गेली. तुतिकोरिनजवळचं वान बेटही त्याच वाटेवर होतं, वर्षागणिक आक्रसत होतं. तेव्हा बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला काँक्रीटचे पोकळ, भोकं असलेले ठोकळे पाण्यात ओळीने बसवले. २०१५ च्या सुमारास हे काम सुरू झालं. ठोकळ्यांनी लाटेचा जोर मोडावा आणि त्यांच्या अंगावर प्रवाळ रुजावेत, माशांना आसरा मिळावा, असा दुहेरी हेतू होता. ठोकळा कोणत्या आकाराचा, किती अंतरावर, लाटेने सरकणार तर नाही ना, हे अभियंत्याचं काम. त्यावर कोणते प्रवाळ रुजतील, कधी लावायचे, जगले की नाही, हे जीवशास्त्रज्ञाचं. एकाला दुसऱ्याची भाषा कळली नसती तर ते नुसतं समुद्रात टाकलेलं काँक्रीट झालं असतं.

मालदीवची राजधानी माले इथे १९८७ मध्ये लाटांचं पाणी शहरात घुसलं. त्यानंतर जपानच्या मदतीने तिथे टेट्रापॉडची, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांची, भिंत उभी राहिली, आपण मुंबईला मरीन ड्राइव्हवर पाहतो तसले टेट्रापॉड. श्रीमंत मित्रदेश असला तर हे जमतं. मी वर म्हटलेल्या २०१४ च्या अभ्यासात खर्चाचीही तुलना आहे. उष्ण प्रदेशात लाटरोधक बंधारा बांधण्यापेक्षा खडक सावरण्याचा खर्च मीटरमागे साधारण पंधरा पटींनी कमी निघाला.

आता ताई, ग्रुपचं.

गुजरात बोर्डात एबी ग्रुप असतो, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. एरवी मी तो सहसा सुचवत नाही. पुष्कळ घरांत तो 'दोन्हीकडे दार उघडं राहू दे' या भीतीपोटी घेतला जातो आणि मूल दोन वर्षं नुसतं ओझं वाहतं. तुमच्या लेकीचा प्रश्नच मुळात एबीचा आहे, म्हणून तिला मी तोच सुचवेन. मात्र ते लाटेचं गणित तिने स्वतःहून, न कुरकुरता सोडवायला हवं. गणिताचा खरोखर कंटाळा असेल तर बी ग्रुप घेऊ द्या, जीवशास्त्राच्या बाजूनेही या कामात जाता येतं. गणित आवडतं पण चारही विषय पेलवत नाहीत असं दिसलं तर ए. फक्त हे लक्षात ठेवा की नुसत्या बी ग्रुपवर पुढे सिव्हिलला जाता येत नाही.

बारावीनंतरची माझी पसंती सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, आणि ते घरी राहून होतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्यातूनच वाढलेली आपल्या विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे. तिथे बी.ई. करून गेट ही प्रवेश परीक्षा द्यायची आणि आयआयटी मद्रासचा ओशन इंजिनिअरिंग विभाग किंवा सुरतकलचं एनआयटी गाठायचं. जीवशास्त्राची वाट घेतली तर बडोद्यातच बी.एस्सी. करून मग गोवा विद्यापीठ, कोचीनचं विद्यापीठ, तमिळनाडूत अन्नामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र किंवा पाँडिचेरी विद्यापीठाचं पोर्ट ब्लेअरचं (आताच्या श्री विजयपुरमचं) केंद्र. बारावीनंतर लगेच 'मरीन' नाव असलेल्या चकचकीत खासगी कोर्सला मात्र फी भरू नका. काही वर्षांपूर्वी एका मुलाचा हट्ट पाहून मी त्याला अशाच एका अरुंद कोर्सला होकार दिला होता. तीन वर्षांनी त्याच्या हातात कुठेच न चालणारी पदवी होती, आणि बी.एस्सी. त्याला पहिल्यापासून करावी लागली. तेव्हापासून मी सांगते, पाया रुंद घ्या, टोक नंतर काढा.

नोकरीबद्दल लपवाछपवी करत नाही. प्रवाळांवर संशोधन करणाऱ्या कायम सरकारी जागा थोड्या आहेत. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, चेन्नईच्या किनारा-संशोधन संस्था, झूलॉजिकल सर्व्हे ही त्यांची ठिकाणं. पीएच.डी. होईपर्यंत फेलोशिपवर राहावं लागतं. जेआरएफ, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. त्यात एकट्याचं भागतं, घराला फारसा हातभार लागत नाही. लक्षद्वीपच्या खडकांवर अनेक वर्षं काम करणाऱ्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनसारख्या संस्थाही आहेत, पण तिथे पगारापेक्षा कामाची ओढ लागते. सिव्हिलचा पाया असेल तर चित्र बरंच बदलतं. बंदरं, किनाऱ्याची धूप, किनारा नियमनाचे अहवाल, सल्लागार कंपन्या, यांत मागणी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर लाटा सोडून पाहतात. घरची माणसं पुण्यात असतील तर तिला सुट्टीत तिथे नेता येतं का ते विचारा.

समुद्र दूर आहे याची काळजी करू नका. अहमदाबादच्या इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने भारतातल्या प्रवाळ खडकांचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून केले आहेत. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या तापमानावरून ब्लीचिंगचा इशारा देते. दोन्ही शहरांना किनारा नाही. विम्याचे हिशोब करणारेही यात आले आहेत. मेक्सिकोच्या किंताना रू राज्याने आपल्या खडकाचा वादळविमा उतरवला, ऑक्टोबर २०२० च्या डेल्टा वादळानंतर त्याचे पैसे मिळाले, आणि प्रशिक्षित पाणबुड्यांच्या तुकड्यांनी तुटलेले प्रवाळ परत बसवले.

पोहण्याचं मात्र मनावर घ्या. डिग्रीला ते लागत नाही, पण पाण्याची भीती असलेलं माणूस या कामात एका कोपऱ्यात अडकून पडतं. पुरानंतर तिला पाण्याची धास्ती बसली असेल तर तिला घाई करू नका. उन्हाळ्यात एखाद्या चांगल्या पोहण्याच्या तलावावर, शिकवणाऱ्या ताई पाहून घाला.

आणि ग्रुपचा फॉर्म भरण्याआधी तिला नराऱ्याला घेऊन जा. जामनगरजवळच्या मरीन नॅशनल पार्कमधली ही जागा, १९८२ मध्ये जाहीर झालेलं देशातलं पहिलं समुद्री राष्ट्रीय उद्यान. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि चालत चालत प्रवाळांपर्यंत जाता येतं, पोहावं लागत नाही. वनखात्याची परवानगी आधी काढा. ओहोटीची वेळ पाहूनच निघा, नाहीतर नुसतं पाणी बघून परत याल. जाड तळव्याचे, भिजले तरी चालतील असे बूट घाला. प्रवाळांवर पाय ठेवायचा नाही आणि तुकडाही उचलायचा नाही. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्याच पंक्तीला.

बाळ, तिथे गेलीस की तीन गोष्टी वहीत उतरव. प्रवाळांवर गाळ किती बसलाय, जिवंत आणि मेलेल्यात तुला काय फरक दिसतो, आणि पाणी परत चढायला लागलं की लाट नेमकी कुठे फुटते. वही आणि ते लाटेचं गणित घेऊन आईबाबांबरोबर मला भेटायला ये. बाबांनाही आण, त्यांच्याशी मला सिव्हिलबद्दल सविस्तर बोलायचं आहे.