नास्तिक माणसे कोरडी असतात आणि श्रद्धाळू माणसे विचार करत नाहीत, हे खरे आहे का? घरातल्या श्रद्धाळू नातेवाइकांशी वाद कसा घालावा?

या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर माझ्याजवळ आहे. दुसऱ्या भागात मी स्वतःच नापास झालेलो आहे, हे पुढे दिसेलच.

मी नास्तिक आहे, आणि गेली दहा वर्षे आमच्या भावकीत 'आईला अग्नी न देणारा' अशी माझी ओळख आहे. आईचे देहदान झाले ही गोष्ट खरी आहे. ते माझ्या नास्तिकपणापायी झाले, ही गोष्ट साफ खोटी आहे. आईने चाळीस वर्षे एकादशी मोडली नाही, तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि गीतेचा पंधरावा अध्याय म्हटल्याशिवाय ती सकाळचा चहा घेत नसे. अशा बाईने देहदानाचा अर्ज स्वतः मागवला, स्वतः भरला आणि त्यावर मला सही करायला लावली. मी कारण विचारले तेव्हा दधीची ऋषींनी देवांसाठी आपली हाडे दिली, इथे तर नुसती शिकणारी पोरे आहेत, त्यांना नाही कसे म्हणायचे, असे उत्तर मिळाले. शिवाय देह म्हणजे जुने लुगडे, ते उतरवल्यावर कोणी त्याच्या चिंध्या केल्या काय आणि जाळले काय, हे गीतेतलेच तत्त्व तिने मला भाजी निवडता निवडता ऐकवले होते.

ती गेली चैत्रातल्या एका रात्री, साताऱ्याच्या राहत्या घरी, साडेअकराच्या सुमारास. नेत्रपेढीला फोन केला तेव्हा पलीकडून सूचना आल्या की पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा. उकाड्यात पंखा बंद करून आम्ही सगळे घामाघूम बसलो होतो, आणि कापूस वाळतोय असे वाटले की माझी बायको तांब्यातले पाणी बोटांनी त्यावर सोडत होती. नेत्रपेढीची माणसे आली आणि वीसेक मिनिटांत आपले काम करून गेली. तिथपर्यंत मी शांत होतो. पुढे वैद्यकीय महाविद्यालयाने सांगितले की देह शक्यतो सहा ते आठ तासांत यावा, मृत्यूचा दाखला सोबत असावा. ते ऐकल्यावर मात्र माझा धीर सुटला. ताई नागपूरहून निघाली आहे, ती येईपर्यंत थांबू, सकाळी बघू, एवढी काय घाई आहे, असे मी बोलू लागलो. खरे कारण ताई नव्हते. आईच्या दृष्टीने तो देह उतरवलेले वस्त्र होता. माझ्या दृष्टीने तोच देह म्हणजे आई होती, आणि त्यापलीकडे कुठेही दुसरी आई शिल्लक नव्हती. देहदान श्रद्धाळू माणसाला जड जाते आणि नास्तिकाला सोपे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी यावर थोडा विचार करावा.

त्या रात्री मला ताळ्यावर आणले ते माझ्या थोरल्या चुलतभावाने. दादा माळकरी आहेत. डॉक्टरांना उठवून दाखला त्यांनी आणला, कपाटातल्या पिशवीतून शिधापत्रिकेखालचा अर्ज काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काकूने सही केली आहे ना? मग तिचा शब्द राखायचा." पहाटे पाचला गाडी निघाली तेव्हा तेच पुढे बसले होते.

आणि हेच दादा दहाव्या दिवशी चार पाहुण्यांसमोर म्हणाले, "याच्या नास्तिकपणापायी काकूला अग्नीसुद्धा मिळाला नाही." बाकीच्यांचे मला काही वाटले नाही, कारण त्यांना अर्जाची माहितीच नव्हती, पण ज्याने तो अर्ज स्वतः कपाटातून काढला त्याने हे बोलावे? मला सुचलेले स्पष्टीकरण एवढेच आहे की पाहुण्यांना उत्तर देणे दादांना भाग होते आणि 'नास्तिक' हा शब्द त्यासाठी आयता हाताशी होता. माळकरी बाईने विचार करून देह दिला, हे सांगायला अर्धा तास लागला असता. नास्तिक मुलाने दिला, हे एका वाक्यात सर्वांना पटले. आपल्या दोन्ही समजुती अशाच तयार होतात, असे माझे मत झाले आहे. माणसाने काय केले हे पाहण्याआधी त्याच्यावरची चिठ्ठी वाचली जाते. 'सुधारक'कार आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्यांनीही त्यांचे लेख शांतपणे वाचले असतील, असे मला वाटत नाही.

मुळात 'नास्तिक' या शब्दाचा जुना अर्थ वेद न मानणारा असा आहे. त्या हिशेबाने जैन आणि बौद्ध नास्तिक ठरतात, आणि जगाचा कर्ता म्हणून ईश्वर न मानणारे, पण वेद मानणारे मीमांसक मात्र आस्तिक. 2014 साली मुंबई उच्च न्यायालयाने 'माझा कोणताही धर्म नाही' असे सांगण्याचा हक्क घटनेच्या धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या 25 व्या अनुच्छेदातच आहे, असा निर्वाळा दिला. ती याचिका करणारे लोक येशू ख्रिस्ताला मानणारे होते, फक्त त्यांना संघटित धर्म नको होता. जादूटोणाविरोधी कायद्याचेही तेच. त्यासाठी झटणाऱ्या दाभोलकरांवर देवाधर्माचे वैरी असल्याचा शिक्का मारला गेला, 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा मंजूर झाला. त्या कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. दहाव्याला आलेल्यांपैकी दोघे त्या कायद्याला तावातावाने शिव्या घालत होते. कायदा वाचलाय का, असे मी विचारले, तेव्हा पत्रावळी वाढायला घेतल्या गेल्या.

तेव्हा वाद कसा घालावा, याचे माझे उत्तर असे आहे की देव आहे की नाही यावर नातेवाइकांशी बोलूच नये, त्यातून काही निघत नाही. कोणी काय केले, कोणाच्या सहीने केले, त्यातून कोणाचे नुकसान झाले, एवढेच विचारावे. जमल्यास कागद जवळ ठेवावा. अर्जाची छायाप्रत मी अजून पाकिटात बाळगतो, आणि दादांनी तो विषय पुन्हा काढलाच तर ती त्यांच्यासमोर ठेवण्याची माझी तयारी आहे. दहा वर्षांत त्यांनी काढलेला नाही.

आता एक गोष्ट राहिली. ती आधीच सांगायला हवी होती. नास्तिक उद्धट असतात ही समजूत आमच्या घरात निव्वळ हवेतून आलेली नाही. देह नसल्यामुळे दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देण्याचा पालाशविधी करावा, असे दादांनी सुचवले होते, आणि ताईची तशी मनापासून इच्छा होती. प्रवासात असल्यामुळे तिला आईचे तोंडही पाहायला मिळाले नव्हते. मी सर्वांदेखत हसलो आणि म्हणालो की गवत पेटवून गती मिळत असेल तर शेतकऱ्याच्या प्रत्येक गंजीला मोक्ष मिळाला असेल. या वाक्यावर मी त्या दिवशी खूश होतो. दादांचे दहाव्या दिवसाचे ते बोलणे यानंतरचे आहे, आधीचे नाही.

विधी संगम माहुलीला झाला. ताई एकटीच रिक्षा करून घाटावर गेली. माझी गाडी दारात उभी होती.