ब्रूमहून आडवे धबधबे बघायला जाताना बोटीवर मुक्काम करावा का?

तुम्ही विचारलंय, की पर्थला मुलाकडे जाणार आहात, सोबत सत्तरीचे वडील आहेत. तर ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्रूम गावाहून हॉरिझॉन्टल फॉल्सची, म्हणजे या आडव्या धबधब्यांची, एका दिवसाची विमानफेरी पुरे, की बोटीवर रात्र काढावी? मी परभणीचा. आम्ही नवराबायको नुकतेच तिथून परतलोय. मुक्काम कराच.

तिथं बघायची खरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. किंबर्ली नावाच्या त्या भागाच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी 10-11 मीटर चढतं-उतरतं. टॅल्बट बे या खाडीत मॅक्लार्टी डोंगराच्या दोन समांतर रांगा आहेत आणि प्रत्येकीत एक चिंचोळी खिंड. एक साधारण 20 मीटर रुंद, दुसरी त्याच्या निम्मी. समुद्र ज्या वेगानं चढतो, त्या वेगानं पाणी खिंडीतून आत जाऊ शकत नाही. मग दोन बाजूंच्या पातळीत 4 मीटरपर्यंत फरक पडतो आणि पाणी फेसाळत आडवं धावतं. जायकवाडीचे दरवाजे उघडल्यावर दिसतं ना, तसं. फक्त इथं सहाएक तासांनी तेच पाणी उलटं फिरतं. दिवसाच्या फेरीत बहुधा यातली एकच दिशा बघायला मिळते.

मुक्कामाच्या बोटीवरून आम्ही संध्याकाळी खडकावरची ओली रेघ वर वर उघडी पडताना बघत बसलो. आपण मराठवाड्यातली माणसं. विहिरीचं, धरणाचं पाणी खाली गेलं की पुढच्या पावसापर्यंत वर बघायचं. इथं गेलेलं पाणी रोज दोनदा परत येतं. माझी बायको रात्री उठून उठून ते बघत होती.

तारीख ठरवताना पंचांग काढा, तिथी तिकडेही त्याच. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत जोर सगळ्यात जास्त. तेव्हा खिंडीतून बोट नेतीलच असं नाही. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत पाणी शांत असतं. वडिलांसाठी मी तेच दिवस निवडीन. मे ते सप्टेंबर कोरडा काळ, तेव्हाच जा. नोव्हेंबरपासून उकाडा आणि वादळं. आणि खिंडीतून बोटी नेणं मार्च 2028 नंतर बंद करायचं ठरलंय, कारण डांबीमांगारी या तिथल्या मूळ लोकांसाठी ती जागा पवित्र आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. वरून आणि बाहेरून बघूनही डोळ्यांचं पारणं फिटतं.

परतीचं विमान हा या सहलीचा अर्धा आनंद आहे, त्यात डुलक्या काढू नका. पाण्यावरून उठलं की खाली बुकेनिअर द्वीपसमूहाची शेकडो बेटं. कूलन बेटावर लोखंडाची खाण अगदी समुद्राला लागून, तिचा तळ समुद्रपातळीच्याही खाली, मध्ये फक्त एक बांध. तो 2014 मध्ये फुटून सगळी खाण बुडाली होती. पुन्हा बांधून 2019 मध्ये काम सुरू केलं. आणि तो लालभडक वालुकाश्म! सुमारे 180 कोटी वर्षांचा. आपल्या वेरूळचा काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे त्याच्यापुढे लेकरूच.

आता वडिलांचं. तरंगत्या विमानात चढायची शिडी अरुंद असते. गुडघे दुखत असतील तर बुकिंग करतानाच सांगा, हात द्यायला माणूस उभा राहतो. विमान लहान, म्हणून माणसांचंही वजन विचारतात आणि सामान एका मऊ पिशवीत मावेल एवढंच नेऊ देतात. जेवणात मासे असतात. शाकाहारी असाल तर आधी कळवा, जवळ दशम्या-चटणी असू द्या. पाण्यात मगरी आहेत, पाय सोडून बसायचं नाही. आणि ब्रूमहून पर्थचं विमान त्याच दुपारचं घेऊ नका. हवा बिघडली की लहान विमानं थांबवतात, तेव्हा एक रात्र ब्रूमला हाताशी ठेवा.