झॉर्बिंग पहिल्यांदाच करताय?

मनालीजवळच्या सोलांगला जाताच आहात तर झॉर्बिंग कराच. म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या प्लास्टिकच्या गोळ्यात पट्ट्यांनी बांधून घ्यायचं आणि उतारावरून गडगडत खाली यायचं. घाबरण्यासारखं फार काही नाही. पहिल्या खेपेला एवढं सांभाळा:

– आधी उतार बघा, मग भाव करा. नवखे नेमकं उलटं करतात. दोन्ही बाजूंना कठडा किंवा जाळी हवी, खाली सपाट जागा आणि गोळा अडवायला माणसं हवीत. 2013 मध्ये रशियात दोंबाईला गोळा वाट सोडून दरीत गेला आणि एकाचा जीव गेला. इथं काही खटकलं, तर पैसे दिलेले असले तरी मागे फिरा.

– आलू पराठे हाणून थेट आत शिरू नका, दोनेक तास जाऊ द्या. (आमच्या भावानं ऐकलं नाही. पुढचं विचारू नका.)

– पट्टे स्वतः ओढून बघा. मोबाइल, किल्ल्या, चष्मा बाहेरच.

मान-पाठीचं दुखणं किंवा गरोदरपण असेल तर सरळ नको म्हणा.

गोळ्यात पाणी घालून बिनपट्ट्यानं घसरायचा प्रकारही असतो, न्यूझीलंडच्या रोटोरुआत चालतो तसा. त्याचं नंतर बघू, आधी एकदा कोरडे गडगडून या.