तळघरात पाणी शिरले म्हणून मुदत ठेव मोडावी का?

पुण्यातील सिंहगड रस्त्यालगतच्या ४८ सदनिकांच्या एका सोसायटीतील वाचकांनी हा प्रश्न पाठवला आहे. वादळी पावसाच्या रात्री शेजारच्या ओढ्याचे पाणी आत आले, तळघरात छातीभर साचले, मीटर खोली, पंप आणि जनरेटर बुडाले आणि चार दिवस वीज नव्हती. त्यांची सात वर्षांची गाडीही तिथेच उभी होती. सोसायटीने प्रत्येक सदनिकेकडून ८५,००० रुपये विशेष वर्गणी मागितली आहे, गॅरेजने गाडीच्या दुरुस्तीचा अंदाज २,१०,००० रुपये दिला आहे आणि घरच्यांना ४५,००० रुपयांचा इन्व्हर्टर हवा आहे. हे सारे भागवण्यासाठी सहा लाखांची मुदत ठेव मोडावी आणि ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) टिकावा म्हणून गाडीचा विमा दावा करूच नये, असे त्यांच्या मनात आहे.

आपला बेत अमलात आणल्यास ३,४०,००० रुपये खर्च होऊन ठेवीतील २,६०,००० उरतील. त्यातून पुढील जूनमध्ये मुलीची अडीच लाखांची फी भरल्यावर अडीअडचणीसाठी हाताशी दहा हजार राहतील. दरमहा ३१,००० रुपयांचा गृहकर्जाचा हप्ता असलेल्या घराने इतक्या काठावर जाऊ नये, म्हणून ठेव मोडण्याच्या मी विरोधात आहे.

बोनसचे गणित मात्र आधी मांडायला हवे, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे अडकली आहे. आपल्या पॉलिसीत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १४,००० रुपये आहे. दावा केला तर बोनस शून्यावर येतो आणि पुढे दावा न केल्यास दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० टक्क्यांवर पोहोचतो. म्हणजे पाच नूतनीकरणांत मिळून आपण हप्त्याच्या १२५ टक्के, म्हणजेच १७,५०० रुपये गमावता. एवढ्यासाठी दोन लाखांवर पदरचे घालणे मला मुळीच पटत नाही.

दाव्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे मात्र धरून चालू नका. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के, तर रबर, प्लास्टिक व बॅटरीवर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापला जातो. इंजिन संरक्षणाचे जोडकलम पॉलिसीत आहे का, हे आजच पाहा. ते नसेल, तर पाण्यात उभ्या गाडीला स्टार्टर मारल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान कंपनी सहसा नाकारते. गाडी बंद होती आणि कोणी किल्लीही फिरवली नाही, हे सांगता आले तर आपली बाजू बरीच भक्कम राहते. म्हणून टोइंगची पावती आणि पाण्याच्या खुणा दाखवणारी छायाचित्रे जपून ठेवा आणि विमा कंपनीचा सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत गॅरेजला इंजिन उघडू देऊ नका. विमा घोषित मूल्य, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ३,८०,००० असल्याने, दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे २,८५,००० च्या वर गेला, तर गाडी पूर्ण निकामी धरून घोषित मूल्यावर हिशेब होतो. पाणी लागलेल्या गाडीचा अंदाज वायरिंग उघडल्यावर वाढलेला मी अनेकदा पाहिला आहे.

दाव्याचे पैसे येईपर्यंतची सोय म्हणून ठेवीवरच दीड लाखांचे ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर मिळणारे कर्ज, घ्या. बँका त्यावर सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त व्याज लावतात, आणि ठेव तिच्या दराने वाढतच राहते. एक टक्का फरक धरला तर सहा महिन्यांचा निव्वळ भार ७५० रुपये होतो. कर्ज लवकर फेडण्यासाठी म्युच्युअल फंडातील १५,००० रुपयांची मासिक गुंतवणूक (एसआयपी) चार महिने थांबवली तरी चालेल. निवृत्तीसाठी ठेवलेली म्युच्युअल फंडातील युनिट मात्र विकू नका.

आता सोसायटीची वर्गणी. आपण पाठवलेल्या तक्त्यात एकूण ४०,८०,००० रुपयांपैकी १४ लाख मीटर पॅनेल व केबल, ११ लाख जनरेटर, ६ लाख पंप व लिफ्ट आणि उरलेले ९,८०,००० तळघराच्या फरशी-रंगकामासाठी दाखवले आहेत. फरशी थांबू शकते, हे उघड आहे. मला खटकते ते निराळेच: पॅनेल आणि जनरेटर त्याच तळघरात, त्याच जागी बसवायचे ठरले आहे. खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर जुलै २०२४ मध्ये याच परिसरातील एकतानगरीत कसे पाणी शिरले, हे सर्वांनी पाहिले आहे. पॅनेल पहिल्या मजल्याच्या पातळीवर नेण्यासाठी वर्गणी दहा-पंधरा हजारांनी वाढली तरी ती आनंदाने भरा. आहे तिथेच बसवायचे असेल, तर विशेष सर्वसाधारण सभेत लेखी हरकत नोंदवा.

त्याच सभेत दोन गोष्टी विचारा. सोसायटीच्या विमा पॉलिसीत वादळ-पुराचा भाग आहे, की हप्ता कमी व्हावा म्हणून तो वगळला होता? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी) जमायला हवा होता, तो किती शिल्लक आहे? मोठ्या दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड वापरायचा तर सभेचा ठराव आणि वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र लागते, आणि त्यामुळे वर्गणीचा आकडा खाली येऊ शकतो.

इन्व्हर्टर दिवाळीपर्यंत थांबवावा, कारण चार दिवस वीज गेल्यावर घरगुती बॅटरी पहिल्याच दिवशी संपली असती. त्याऐवजी भारत गृह रक्षा पॉलिसी घ्या. १ एप्रिल २०२१ पासूनच्या या प्रमाणित पॉलिसीत पूर व वादळ धरलेले असते आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. वीज परत येताना दाब वाढून फ्रिज जळाला, तर मात्र मूळ पॉलिसी तो दावा देत नाही, म्हणून पॅनेलची चाचणी होऊन सोसायटीचा पुरवठा सुरळीत होईपर्यंत मोठी उपकरणे प्लगमधून काढूनच ठेवा.