परसातल्या कोंबड्यांचा हिवाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच असते : थंडी पडली आणि कोंबड्या बिघडल्या. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि हुक्केरी तालुक्यांतून आलेल्या यंदाच्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण त्यातली चूक मला जवळजवळ प्रत्येक गावात दिसते.

प्रश्न : आमच्याकडे चौदा जवारी (गावठी) कोंबड्या आणि दोन कोंबडे आहेत. धुके आणि थंडी सुरू होताच आम्ही खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली, एकही फट ठेवली नाही. तरीही आठ-दहा दिवसांत कोंबड्या शिंकू लागल्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले आणि एक तलंग (तरुण कोंबडी) दगावली. अजून ऊब कशी वाढवावी? (एक वाचक, जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : आपल्या खुराड्यात ऊब कमी नाही, हवा कमी आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि पिसे फुलवून ती आपल्या अंगाभोवती कोरड्या हवेचा थर धरून ठेवते, त्यामुळे रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरला तरी धडधाकट, पूर्ण पिसांच्या कोंबडीला त्यापासून धोका नसतो. धोका असतो तो ओलीचा. ताज्या विष्ठेत जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते, त्यात सोळा जनावरांच्या श्वासाची वाफ मिसळते आणि ताडपत्रीमुळे ती बाहेर पडू शकत नाही. पहाटे ताडपत्रीच्या आतल्या अंगाला हात लावून पाहा. तो ओला झाला, तर तीच ओल रात्रभर पिसांवर आणि फुफ्फुसांत गेली आहे असे समजावे. या ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो, तो डोळे आणि श्वासनलिका चुरचुरवतो आणि एरवी कोंबडीने सहज पचवला असता असा सर्दीचा जंतू तिथे घर करतो.

वीस वर्षांपूर्वी मीही असेच केले होते. आमच्या अंगणातल्या खुराड्याला मी खताच्या प्लास्टिक पिशव्या शिवून लावल्या आणि पौष संपेपर्यंत पाच कोंबड्या गमावल्या. त्या थंडीने गेल्या असे मी कित्येक वर्षे मानत होतो, म्हणून हे इतक्या कळकळीने लिहितो आहे.

ताडपत्री आजच काढा. वारा येतो त्या बाजूला, कोंबड्या बसतात त्या उंचीपर्यंतच, तरटाची पोती लावा आणि त्यांच्या डोक्याच्या वर, छपराखाली, किमान एक वीत जागा सर्व बाजूंनी जाळी मारून उघडी ठेवा. अंगावर थेट झोत येणार नाही, पण वरून वाफ निघून जाईल. तरट दिवसा गुंडाळून वर करावे, म्हणजे ऊन आत पडेल. जमिनीवर भाताचा तूस चार बोटे जाडीचा पसरा. आपल्या भागात सुगीनंतर राईस मिलवर तो सहज मिळतो. दर दोन-तीन दिवसांनी तो दाताळ्याने खालीवर करावा, ओला झालेला भाग काढून टाकावा आणि त्यावर थोडी चुन्याची भुकटी शिंपडून पुन्हा हलवावे. बसण्यासाठी जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर दोन इंच रुंदीची दांडी द्यावी. बारीक काठीवर कोंबडीला बोटे आवळून बसावे लागते आणि ती बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जात नाहीत. तूस पुरेसा कोरडा आहे की नाही हे उभ्याने कळत नाही. रात्री खुराड्यात वाकून, कोंबडीच्या नाकाच्या उंचीला स्वतःचे नाक नेऊन वास घ्यावा. डोळ्यांना झोंबले, तर तूस बदलण्याची वेळ झाली आहे.

शिंकणाऱ्या कोंबड्या मात्र आधी वेगळ्या कराव्यात. तोंड एका बाजूने सुजले असेल आणि नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तो संसर्गजन्य सर्दीचा आजार असण्याची शक्यता आहे आणि त्यावर पशुवैद्यांनी दिलेले औषधच लागते. हळद-लसूण खाद्यात घालण्यास हरकत नाही, पण त्यावर विसंबून दिवस घालवू नयेत.

प्रश्न : माझ्याकडे घराच्या मागे सहा गिरिराजा (सुधारित जातीच्या) आणि चार जवारी कोंबड्या आहेत. दिवाळीनंतर अंडी कमी होत गेली आणि आता दहांत मिळून दिवसाला एखादे अंडे मिळते. परसभर पिसे पडली आहेत. सासूबाई म्हणतात की कुणाची तरी दृष्ट लागली. (एक गृहिणी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : वडीलधाऱ्यांची काळजी खरी आहे, परंतु कारण सूर्याचे आहे. बेळगावात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे तेरा तासांचा असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो सव्वाअकरा तासांच्याही आत येतो. कोंबडीचा मेंदू प्रकाशाचे तास मोजतो आणि साधारण चौदा तास प्रकाश मिळाला तरच भरात अंडी घालण्याचा इशारा शरीराला देतो. दिवस लहान होत जातो त्याच काळात वर्षाहून मोठ्या कोंबड्या जुनी पिसे टाकून नवी घेतात. पिसे म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. त्यामुळे खाद्यातले प्रथिन एकतर पिसांना जाते किंवा अंड्याला, दोन्हीला पुरत नाही. ही पिसगळ दोन ते तीन महिने चालते आणि तो आजार नाही.

या काळात कोंबड्यांना हाताळू नये, कारण उगवती पिसे दुखरी असतात. नुसत्या तांदळाच्या कण्यांवर किंवा ज्वारीवर ठेवू नये. सोयाबीनची पेंड, सुकट, उकडलेल्या अंड्याचा चुरा, शेवग्याचा पाला असे काहीतरी रोज द्यावे. शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सर्रास वापरली जाते, मात्र ती दवाने ओलसर होऊन बुरशी धरली असेल, तर एक तुकडाही देऊ नये. त्या बुरशीचे विष यकृत निकामी करते आणि पेंड उकळूनही ते जात नाही. संध्याकाळी खुराड्यात जाण्यापूर्वी मूठभर मका किंवा ज्वारी टाकली, तर ती रात्रभर पचत राहते आणि अंगात ऊब राहते.

पिसे पूर्ण आल्यावर गिरिराजा कोंबड्यांसाठी पहाटे दिवा लावता येईल. सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर मावळतो, म्हणजे पहाटे सव्वाचार-साडेचारपासून एक लहान एलईडी दिवा पुरतो. संध्याकाळी दिवा वाढवू नये, कारण तो विझताच कोंबड्या अंधारात जागच्या जागी अडकतात आणि दांडीवर चढू शकत नाहीत. वेळ एकदम न वाढवता दर आठवड्याला अर्धा तास वाढवावी, आणि आपल्याकडे पहाटे वीज जाण्याचा नेम नसेल, तर हा उपाय करूच नये. कधी आहे, कधी नाही अशा दिव्याने कोंबडी पुन्हा पिसे टाकू शकते. जवारी कोंबड्यांकडून यातून फारशी अपेक्षा नको. ती जात बारा-पंधरा अंड्यांची एक फेरी घालते, खुडूक बसते (अंडी घालणे थांबवून उबवायला बसते) आणि पुन्हा सावकाश सुरुवात करते. हा तिचा स्वभावच आहे. हिवाळ्यात अंडी हवीच असतील, तर माघ-फाल्गुनात पिल्ले काढावीत. त्या तलंगा पावसाळ्याच्या शेवटी अंड्यावर येतात आणि पहिल्या हिवाळ्यात सहसा थांबत नाहीत.

प्रश्न : गाडीवरून पंचवीस पिल्ले घेतली. खोक्यात दिवा लावून ठेवली होती, तरी तिसऱ्या दिवशी पहाटे सात पिल्ले एकमेकांखाली दबून मेलेली आढळली. (एक शेतकरी, निपाणी परिसर)

उत्तर : आपण दिवा कोणता लावला हे पत्रात लिहिलेले नाही, पण बहुधा तो एलईडी असावा. अशा दिव्याचा उजेड भरपूर असतो, पण त्याखाली उष्णता जवळजवळ नसते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती कमी करता येते. त्यासाठी जुन्या पद्धतीचा, तारेचा साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्बच हवा. तो तुसापासून हात-दीड हात उंचीवर टांगावा आणि मग पिल्लांकडेच पाहावे. ती दिव्याखाली गोळा झाली, तर दिवा खाली घ्यावा. कडेला पळून चोच उघडून धापा टाकत असली, तर वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला सरकली असली, तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे. कोपऱ्यांत ती एकमेकांवर चढतात, म्हणून चौकोनी खोक्याऐवजी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे गोल कडे करावे.

वीज गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा मोह कृपया टाळावा. त्या धुरातला वायू पिल्लांना मारतोच, आणि त्याच खोलीत कोणी झोपले असेल, तर त्या माणसालाही मारतो. त्याऐवजी गरम पाण्याच्या बाटल्या किंवा मडके तरटात गुंडाळून कड्यात ठेवावे.

माझे मत विचाराल तर परसातल्या माणसासाठी खुडूक जवारी कोंबडीसारखी आई दुसरी नाही. गिरिराजा सहसा खुडूक बसतच नाही. एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, तर ती बहुतेक वेळा आपली म्हणून स्वीकारते. थंडीत तिच्याखाली दहा-बारांहून जास्त पिल्ले देऊ नयेत, आणि उबवायला अंडीही आठ-दहाच ठेवावीत.

उरलेल्या पिल्लांना राणीखेतची, म्हणजे आपण ज्याला मानमोडी म्हणतो त्या रोगाची लस द्यायची राहू देऊ नका. पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात इंजेक्शनाची लस असा क्रम असतो. कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची येते आणि एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच दिवस ठरवावा. कुपी दवाखान्यातून बर्फातच आणावी.

प्रश्न : आमच्या थोरल्या कोंबड्याचा तुरा काळसर झाला असून त्यावर खपल्या आहेत. थंडीने तुरा जळतो, त्याला व्हॅसलीन लावावे, असे एका चित्रफितीत पाहिले. ते योग्य आहे का? (एक विद्यार्थी, चिकोडी)

उत्तर : तो सल्ला बर्फ पडणाऱ्या देशांसाठी आहे. तुरा गोठण्यासाठी पारा शून्याखाली जावा लागतो आणि तसे आपल्याकडे होत नाही. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि चोचीच्या मुळाशी कोरड्या खपल्या असतील, तर बहुधा त्या कोंबड्यांच्या देवी रोगाच्या आहेत. हा रोग डासांमुळे पसरतो. खपल्या ओरबाडू नयेत, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि कोंबडा वेगळा ठेवावा. तीन-चार आठवड्यांत त्या आपोआप गळतात. तोंडाच्या आत पिवळट पापुद्रे दिसले, तर मात्र पशुवैद्यांना दाखवावे. निरोगी कोंबड्यांना लस द्यावी आणि खुराड्याजवळचे साचलेले पाणी काढावे.

खपल्या नसताना तुरा निळा-काळा पडला, डोके सुजले आणि एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्या मेल्या, तर ती गोष्ट वेगळी आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येतात आणि त्यांच्याबरोबर बर्ड फ्लूचा विषाणू येऊ शकतो. भारतात तो पहिल्यांदा आढळला तोही फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर येथे. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नये, उरलेल्या कापून खाऊ नयेत, बाजारात नेऊ नयेत, ओढ्यात तर मुळीच टाकू नयेत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे.

प्रश्न : आमचे तीन कोंबडे पहाटे साडेचारपासून आरवतात आणि शेजारचे काका रागावतात. कोंबडे काढून टाकले तर अंडी बंद होतील का? (एक वाचक भगिनी, अनगोळ, बेळगाव)

उत्तर : अंडी बंद होणार नाहीत. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तीन असले की ते मादींना सारखे चढून त्यांच्या पाठीची पिसे काढतात, आणि थंडीत उघडी पाठ फार त्रासदायक ठरते.

आरवण्याविषयी जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कोंबडा उजेड पाहून नव्हे, तर शरीरातल्या घड्याळाप्रमाणे उजाडण्याच्या आधीच आरवतो. त्यामुळे खुराड्यात अंधार करून काही साधणार नाही. त्यांनीच पुढे दाखवले की कळपातला वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून. म्हणजे तीनांतला एकच ठेवलात, तर एकामागून एक चालणारी ही साखळी तुटेल. गळ्याला पट्टा बांधून आवाज दाबण्याचा प्रकार मात्र करू नये. त्याने कोंबडा गुदमरतो. खुराडे काकांच्या खिडकीपासून दूर, आपल्या भिंतीच्या आड हलवता आले तर पाहावे, आणि पहिली अंडी त्यांच्याकडे न्यावीत.

प्रश्न : शेजारच्या फडात ऊसतोड सुरू झाल्यापासून आठवड्यात चार कोंबड्या गेल्या. खुराड्याला कोंबडीची जाळी आहे. (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : फड तुटला की त्यात राहणारे मुंगूस, रानमांजर आणि कोल्हे आसरा व भक्ष्य शोधत वस्तीकडे सरकतात. तोड सुरू असेपर्यंत तरी कोंबड्या सायंकाळी साडेपाचलाच आत घ्याव्यात आणि सकाळी चांगले उजाडल्यावर सोडाव्यात. षटकोनी भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. तिच्या जागी अर्ध्या इंचाच्या भोकांची, वेल्ड केलेल्या तारेची जाळी लावावी आणि ती जमिनीत हातभर खाली गाडून बाहेरच्या बाजूला वळवावी, कारण मुंगूस आणि घूस दोन्ही खालून उकरून येतात. पहिल्या उत्तरात सांगितलेली छपराखालची उघडी जागा मात्र बंद करू नका. तिथेही हीच जाळी मारा.